कमी भाड्याची पार्टी: वेळ द्यावा की नाही?

प्रश्न असा आला आहे: ‘घरांचा एजंट म्हणून काम सुरू करून वर्ष होत आलं. मला येणाऱ्या फोनपैकी बहुतेक लहान, कमी भाड्याच्या घरांसाठी असतात. ऑफिसातले जुने लोक म्हणतात, यात वेळ घालवू नकोस, विक्रीच्या मागे लाग. विक्रीची पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, तर अजून मिळत नाही. मग या लोकांना वेळ द्यावा का?’

द्यावा. पण आत्ता देताय तसा नाही.

ऑफिसातले जुने लोक खोटं बोलत नाहीत. ज्याच्या हातात विक्रीचे दोन-तीन व्यवहार चालू आहेत, त्याने एका खोलीसाठी दुपार घालवली तर तिकडचा खरेदीदार दुसऱ्या एजंटकडे जातो. त्यांचं नुकसान खरं आहे. तुमची दुपार मात्र आज मोकळी आहे, आणि मोकळ्या दुपारी सोडलेल्या फोनमुळे विक्रीची पार्टी आपोआप दारात येत नाही. त्यांचा सल्ला त्यांच्या कॅलेंडरसाठी आहे. तुम्ही तुमचं कॅलेंडर बघून ठरवा.

आपल्या धंद्यात दलालीचा आकडा सगळे सांगतात, तासांचा कोणी सांगत नाही. म्हणून थोडं गणित करू. एखाद्या घराचं वर्षाचं भाडं त्याच्या किमतीच्या ३ टक्के धरलं, तर एका महिन्याचं भाडं म्हणजे किमतीचा पाव टक्का. घर भाड्याने दिल्याची फी तेवढीच, एका महिन्याच्या भाड्याएवढी, धरू. तेच घर विकून २ टक्के दलाली मिळाली, तर ती महिन्याच्या भाड्याच्या आठपट झाली. जिथे भाडं चढं आहे, वर्षाला ६ टक्के, तिथे चौपट. इथवर जुने लोक बरोबर.

आता तास धरा. आकडे मी समजुतीसाठी घेतोय, तुम्ही तुमचे घाला. भाड्याच्या एका जमलेल्या व्यवहाराला ८ तास गेले आणि त्याच्यामागे तीन न जमलेल्या पार्ट्यांवर प्रत्येकी २ तास गेले, तर एका फीमागे १४ तास. विक्रीत जमलेल्या एका व्यवहाराला ४० तास आणि न जमलेल्या नऊ खरेदीदारांवर प्रत्येकी १० तास धरले, तर १३० तास. १३० तासांत आठ फी, म्हणजे एका फीला सुमारे १६ तास. तेच घर भाड्याने देण्यात आणि विकण्यात तासाची कमाई जवळपास सारखीच निघाली! शिवाय भाड्याचे पैसे आठ-पंधरा दिवसांत हातात येतात. विक्रीचे येतात ते खरेदीदाराचं कर्ज मंजूर होऊन, कागद तपासून, कित्येक महिन्यांनी, आणि तेही फिसकटलं नाही तर. फी महिन्याच्या भाड्याच्या निम्मी असेल तर हे गणित लगेच बिघडतं, हेही ध्यानात ठेवा.

म्हणजे भाड्याचं काम हलकं नाही. अडचण आहे ती फक्त कमी भाड्याच्या घरात, आणि ती सरळ आहे: भाडं एक तृतीयांश असलं म्हणून तास एक तृतीयांश होत नाहीत. चावी तेवढ्याच लांबून आणायची, करार तेवढ्याच पानांचा, घरमालकाचा फोन तितक्याच वेळा लावायचा. काही वेळा जास्तच, कारण लहान घराचा मालक बहुतेक दुसरी नोकरी सांभाळून हे करत असतो आणि दिवसा फोन उचलत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की त्या १४ तासांचे ५ करता येतील का. माझ्या मते येतात, आणि मोठ्या भाड्याच्या व्यवहारापेक्षा इथे ते जास्त सहज येतात.

कारण कमी भाड्याच्या पार्टीकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पैसे किती, हे पक्कं असतं. तारीख पक्की असते, कारण जुनं घर सोडायचंय किंवा नोकरीवर हजर व्हायचंय. आणि घर बरं निघालं तर हो म्हणायला त्यांना एक संध्याकाळ पुरते. मोठ्या भाड्याची पार्टी बाल्कनीच्या दिशेवरून तीन आठवडे विचार करू शकते, कारण तिच्याकडे तीन आठवडे असतात. कमी भाड्याच्या पार्टीला तो वेळ परवडत नाही. तुमचे तास पार्टीच्या चोखंदळपणात क्वचितच जातात. ते जातात शिळ्या जाहिरातींत, न उचललेल्या फोनांत, घर पसंत पडल्यावर ‘घरच्यांना विचारून सांगतो’ म्हणण्यात आणि शेवटच्या दिवशी पैसे कमी पडण्यात. यातलं बहुतेक सगळं पहिल्या फोनवर कळू शकतं.

म्हणून पहिला फोन नीट करा. बहुतेक नवे एजंट ‘कुठे हवंय, बजेट किती’ एवढंच विचारतात आणि गाडी काढतात. मी विचारतो ते असं:

‘राहायला कधीपासून जायचंय?’ उत्तर ‘बघू, चांगलं मिळालं तर’ असं आलं, तर आज काही नाही. नाव-नंबर लिहून घ्यायचा.

‘भाड्याचा आकडा वीज-पाणी धरून की सोडून?’ या एका प्रश्नाने बजेट पुष्कळदा खाली सरकतं. ते आत्ताच सरकलेलं बरं.

‘घर बघायला कोण येणार, आणि शेवटी हो कोण म्हणणार?’ दोन्ही नावं वेगळी निघाली तर दुसरी व्यक्ती मोकळी असेल तेव्हाच घर दाखवायचं. ती दुसऱ्या गावी असेल तर व्हिडिओ कॉल लावून. हा प्रश्न विचारायला नवखे लाजतात, पण पार्टीला त्यात काही गैर वाटत नाही.

‘आधीचं घर का सोडताय?’ उत्तर ऐकून निवाडा करायचा नसतो. घरमालक हेच विचारणार आहे आणि तेव्हा उत्तर तुमच्याकडे तयार हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा: ‘पहिल्या दिवशी डिपॉझिट, आगाऊ भाडं आणि माझी फी मिळून एवढी रक्कम लागेल. तेवढी त्या तारखेला हातात असेल ना?’ इथे आकडा तुम्ही सांगायचा, त्यांना विचारायचा नाही. लहान घरांचे व्यवहार भाड्यावर कमी तुटतात, या एकरकमी आकड्यावर जास्त तुटतात. महिन्याचं भाडं भरायची ऐपत असते, पण जुन्या घराचं डिपॉझिट परत यायच्या आत नव्या घराचं भरायचं असतं आणि तिथे घोडं अडतं. हे आधी कळलं तर मार्ग निघतो: घरमालकाला डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यायला तयार करता येतं, किंवा राहायला जायची तारीख चार दिवस पुढे ढकलता येते. करार छापून झाल्यावर कळलं तर तुमचे सगळे तास पाण्यात.

या फोनला दहा मिनिटं लागतात. एवढं झाल्यावर अर्ध्या पार्ट्या गळल्या तरी वाईट वाटून घेऊ नका, त्या दोन व्हिजिटनंतर गळणारच होत्या.

घरं दाखवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निघण्याआधी मालकाला फोन करून घर अजून रिकामं आहे का हे विचारा, कारण कमी भाड्याचं घर दोन दिवसांत जातं आणि जाहिरात दोन महिने राहते. एका फेरीत तीन घरं, एकाच भागातली. चौथ्या घराचा हट्ट धरला तर आधीच्या तिनांत काय खटकलं ते विचारा आणि ते कळेपर्यंत गाडी काढू नका.

फीचा विषय मात्र सविस्तर, कारण गोंधळ इथे जास्त आहे. फी कोण देणार हे जागोजागी वेगळं आहे आणि गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदललंय. जर्मनीत २०१५ पासून नियम असा की राहण्याच्या घराच्या भाडेव्यवहारात ज्याने एजंटला काम दिलं त्यानेच पैसे द्यायचे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने भाडेकरूकडून बहुतेक सगळ्या फी घेणं बंद केलं. न्यूयॉर्क शहरात २०२५ पासून घरमालकाने नेमलेल्या एजंटची फी भाडेकरूच्या गळ्यात मारता येत नाही. जपानमध्ये दोन्ही बाजूंची मिळून दलाली साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याच्या वर जाऊ शकत नाही, कर वेगळा. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम आधी वाचा, मगच पार्टीशी फीबद्दल बोला.

जपानचंच आणखी एक उदाहरण तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतं. तिथे गावोगावी पडून असलेली स्वस्त घरं एजंट हातातच घेईनात, कारण किमतीवर ठरणारी दलाली येण्याजाण्याच्या खर्चालाही पुरत नव्हती. शेवटी सरकारने २०१८ मध्ये आणि मग २०२४ मध्ये आणखी सैल करून, कमी किमतीच्या घरांच्या विक्रीवर नेहमीच्या टक्केवारीपेक्षा जास्त फी घ्यायला मुभा दिली. बराच काळ रिकाम्या पडलेल्या भाड्याच्या घरासाठी मालकाकडून जादा घ्यायलाही. लहान व्यवहाराचे कष्ट त्याच्या रकमेच्या प्रमाणात कमी होत नाहीत, हे तिथल्या नियमातच आलं.

तुमच्याकडचा कायदा आडवा येत नसेल तर तुम्हीही हेच करा: टक्केवारी किंवा ‘एका महिन्याचं भाडं’ यापेक्षा किमान फी ठरवा. त्या रकमेखाली काम नाही. ती रक्कम पहिलं घर दाखवायच्या आधी लेखी पाठवा, मेसेजवर चालेल, आणि ‘ठीक आहे’ असं उत्तर आल्यावरच निघा. पार्टीला फी जड वाटली तर ती नाही म्हणेल, तुमचं नातं काही बिघडत नाही. बिघडतं ते करारावर सही करताना आकडा पहिल्यांदा ऐकल्यावर. आणि डिपॉझिटचे पैसे आपल्या हातात घेऊ नका. थेट मालकाच्या खात्यात जाऊ द्या, पावती भाडेकरूला द्या. मालक म्हणून जो समोर उभा आहे तोच मालक आहे का, हे कागदावर बघा. स्वस्त घराच्या खोट्या जाहिरातींनी फसतात ते बहुधा हेच कमी भाड्याचं घर शोधणारे लोक. डिपॉझिट बुडालं तर त्यांच्याकडे दुसरं नसतं. ‘एजंटला पैसे का द्यायचे’ या प्रश्नाला लहान घराच्या बाबतीत माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी ‘द्यावा’ म्हणालो ती. कमी भाड्याच्या व्यवहारात खरी किंमत भाडेकरूपेक्षा घरमालकाची आहे. भाडेकरू तुमच्याकडे एकदा येतो. लहान घरांचा मालक, ज्याच्याकडे अशी पाच-सहा घरं आहेत, त्याचं दरवर्षी एखाद-दुसरं रिकामं होतंच. त्याने एकदा तुम्हाला फोन करायची सवय लावून घेतली की पार्टी शोधायला जाहिरात नको, घर शोधायला भटकंती नको. चावी कुठे असते, पाण्याची काय अडचण आहे, शेजारी कसे आहेत, सगळं तुम्हाला ठाऊक. १४ तासांचे ५ तिथेच होतात, किंबहुना ३ सुद्धा.

पण त्याच्याकडे ‘मी भाडेकरू आणून देतो’ म्हणून जाऊ नका, ते सगळेच म्हणतात. रिकाम्या महिन्याचा हिशेब घेऊन जा. घर एक महिना रिकामं राहिलं तर वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ८.३३ टक्के गेले. भाडं ५ टक्क्यांनी उतरवून घर महिनाभर आधी गेलं, तर वर्षाला ५ टक्के सोडले आणि ८.३३ वाचवले. भाडं न उतरवता अडून बसलेल्या मालकासमोर हे कागदावर मांडलं की बहुतेक जण गप्प होऊन पुन्हा आकडेमोड करतात. दुसऱ्या वर्षी तोच कमी दर चालू राहिला तर फायदा तोट्यात जातो, तेव्हा कराराच्या नूतनीकरणाला भाड्यात थोडी वाढ आधीच त्यात घाला. हे आपण होऊन सांगितलंत तर तुम्ही त्याच्या बाजूने विचार करताय हे त्याला पटतं. आणि असा मालक कधीतरी त्यातलं एखादं घर विकतो किंवा आणखी एक घेतो. विक्रीची पार्टी जर कमी भाड्याच्या कामातून येणार असेल तर ती बहुतेक या बाजूने येते.

दुसऱ्या बाजूने येईल असं सांगणारे पुष्कळ भेटतील: ‘आजचा भाडेकरू हा उद्याचा खरेदीदार’. यावर माझा फारसा विश्वास नाही. कमी भाड्यात राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना घर घेणं लांबचं असतं आणि घेतील तेव्हा तुमचा नंबर त्यांच्याकडे असेलच असं नाही. या आशेवर फी माफ करणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. त्यांच्यात एक वेगळा गट मात्र असतो: ऐपत जास्त असून मुद्दाम कमी भाडं शोधणारे, कारण ते पैसे साठवतायत. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडं, हे माप बऱ्याच ठिकाणी वापरतात. ते अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमातून पसरलं, तिथे १९६९ मध्ये मर्यादा २५ टक्के होती, १९८१ मध्ये ३० झाली. कोणी उत्पन्नाच्या १५ टक्क्यांचं घर शोधत असेल तर सहज विचारा, ‘पुढे स्वतःचं घ्यायचा विचार आहे का?’ हो म्हणाले तर कराराची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये घाला आणि तिच्या तीन महिने आधी फोन करा. बाकीच्यांकडून खरेदीची नाही, ओळखीची अपेक्षा ठेवा. एकाच कामाच्या ठिकाणी नव्याने रुजू झालेल्या चौघांना घरं लागतात. पहिल्याचं काम स्वच्छ झालं तर उरलेले तिघे दुसऱ्या एजंटचा नंबर शोधत बसत नाहीत.

नाही कधी म्हणायचं? एकाच वेळी पाच एजंटांना पळवणाऱ्याला. बाजारात ज्या भाड्याला घरच नाही तो आकडा धरून बसलेल्याला, दोनदा सांगूनही. तुमच्या भागापासून इतक्या लांबच्या घराला, की जाण्यायेण्यातच दुपार संपते. आणि कॅलेंडर भरलं की इतरांनाही. पण नाही म्हणायचं तर पहिल्याच फोनवर. सगळ्यात वाईट एजंट तो, जो कमी भाड्याच्या पार्टीला ‘बघतो’ म्हणतो, फोन उचलत नाही आणि त्यांचे आठ दिवस खातो. ज्याला एक तारखेला घर सोडायचंय त्याचे आठ दिवस तुमच्या फीपेक्षा महाग असतात.

एक सावधगिरी. ‘कमी भाडं परवडत नाही’ हा धंद्याचा निर्णय आहे. पण धर्म, वंश, मुलंबाळं किंवा अपंगत्व बघून टाळायचं आणि कारण भाड्याचं द्यायचं, हे बऱ्याच देशांत बेकायदा आहे. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये वंश आणि धर्म आले, १९८८ च्या दुरुस्तीने अपंगत्व आणि मुलं असलेली कुटुंबंही आली. कायद्याचं सोडा, असं करू नये. किमान फीचा एकच आकडा सगळ्यांना लावला आणि लिहून ठेवला, तर तुमच्यावर शंका यायची वेळही कमी येते.

ज्यांना तुम्ही घेऊ शकत नाही त्यांना वाऱ्यावर सोडू नका. ऑफिसात तुमच्यानंतर कोणी नवं आलं असेल तर पार्टीला विचारून तिचा नंबर त्याला द्या, आणि नियमात बसत असेल तर फीचा चौथा हिस्सा तुमचा ठरवा. पाठवताना फोनवरची सगळी उत्तरं सोबत द्या: तारीख, वीज-पाणी धरून आकडा, हो कोण म्हणणार, पहिल्या दिवशी किती पैसे असतील. त्यालाही ५ तासांत काम उरकायचं आहे.